खाडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीत पर्चेसला एक असिस्टंट घ्यायचा होता. कोल्हापूरजवळची गोकुळ शिरगाव एमआयडीसी, बाहेर धो धो पाऊस, पत्र्यावर असा आवाज की समोरच्याचं बोलणं अर्धं त्याच्या तोंडाकडं बघून समजून घ्यायचं. इंटरव्ह्यूला साहेब आणि मी. मी तशी अकाउंट्सची, पण आमच्याकडं एचआर म्हणून वेगळं कुणी नाही, पगार मी काढते म्हणून हजेरी माझ्याकडं आणि हजेरी माझ्याकडं म्हणून माणसांचं सगळंच माझ्याकडं. चौथी मुलगी कागलकडनं आलेली. बी.कॉम., टॅली येतंय, दोन वर्षं एका स्पेअर पार्टच्या दुकानात बिलिंग केलेलं. एसटीनं आली होती, ओढणीची कड भिजलेली, फाइल मात्र दोन पिशव्यांत गुंडाळून कोरडी ठेवलेली. उत्तरं खडाखडा. ई-वे बिल कसं काढतात, रेटमध्ये फरक आला तर डेबिट नोट कशी करायची, सगळं. साहेब खूश झाले की बोटांतलं पेन फिरवायचं थांबवतात, तसं ते थांबलं होतं. मग त्यांनी ओरिजिनल मार्कशीट मागितली, ती पिशवी उघडायला खाली वाकली आणि ड्रेसच्या गळ्यातनं मंगळसूत्र बाहेर आलं. नवं कोरं, मणी अजून चमकणारे. तिनं ते झटक्यात आत सारलं.

"लग्न कधी झालं?" "मे मध्ये सर." "अच्छा. मग पुढचं काय प्लॅनिंग?" तिला वाटलं नोकरीचं विचारतायत, ती म्हणाली पर्चेसचं सगळं शिकायचंय सर, वेंडर डेव्हलपमेंटपर्यंत. साहेब हसले, तसं नाही हो, म्हणाले. मग तिच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. आमच्या इकडं पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, मीसुद्धा लिहिताना 'गेले' लिहिते आणि घरात 'गेलो' म्हणते, तशी ती एका दमात म्हणाली, "अजून तसं काय नाही सर. मी काम करतो सर. दुकानात विचारा, मी खाडा करत नाही."

तिची पाठ वळल्यावर माझ्या हातातल्या पेन्सिलनं तिच्या बायोडेटाच्या कोपऱ्यात दोन अक्षरं लिहिली. न. ल. म्हणजे नवीन लग्न. मला कुणी लिही म्हणून सांगितलं नव्हतं. कधीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी एका साहेबांनी सांगितलेलं असणार, मग हाताला सवय लागली, आता हात आपोआप लिहितो.

पोरांच्या बायोडेटावर मी हे कधीच लिहिलेलं नाही.

तसं पोरांनाही लग्नाचं विचारतात. त्याच दिवशी दुपारी एक इचलकरंजीचा मुलगा आला होता, त्याचंही लग्न मे मध्येच झालेलं. त्यानं स्वतःहून सांगितलं, आणि साहेब म्हणाले, "बरं झालं, आता टिकशील." लग्न तेच, महिना तोच, मंडपवालासुद्धा कदाचित तोच असेल. एकाच्या फाइलीत ते वजन म्हणून पडलं आणि दुसरीच्या फाइलीत भोक म्हणून. मुलगा घेतला. मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या रात्री भाकरी थापताना ते 'मी खाडा करत नाही' काही डोक्यातनं जाईना.

खाडा हा शब्द माझ्या रोजच्या तोंडातला आहे. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर खाडा, कामवाल्या मावशींचा खाडा, हजेरीच्या रजिस्टरला लाल पेननं खाडा. पण मी तो पहिल्यांदा कळती झाल्यावर ऐकला तो उसाच्या फडात. माझं माहेर करवीर तालुक्यातलं, आमच्या वाटणीला ऊस होता, दिवाळी झाली की बीडकडनं ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, मुकादमाकडनं उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या. गावाबाहेर कोप्या पडायच्या, पाचटाच्या, वाकून आत जायचं. पहाटे चारला अंधारात त्यांच्या चुली पेटलेल्या दिसायच्या आणि थंडीत पाचटाचा तो ओलसर गोड वास. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, एकटा असेल तर अर्धा कोयता. आमच्या फडात एक बाई होती, पोट पुढं आलेलं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायची. मी सातवीत असेन. एका रात्री ती कोपीतच बाळंत झाली, गावातल्या सुईणीला बोलावून नेलेलं आणि आई कंदील घेऊन बरोबर गेली होती. पाचव्या का सहाव्या दिवशी मी वडिलांची न्याहारी घेऊन गेले तर ती फडात उभी. बाळ बांधावर साडीच्या झोळीत. पदराखाली परकराची चिंधी पोटाला आवळून बांधलेली. आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू दिले होते, ते तिनं हातात घेतले आणि लगेच नवऱ्याकडं बघितलं. नवरा वाईट माणूस नव्हता. तो वडिलांना म्हणाला, मालक, खाडा पडला की मुकादम उचलीतनं कापतोय, चार दिवस झाले की आधीच.

तिनं लाडू तिथंच उभ्यानं खाल्ला, एका हातात कोयता धरून. दूध येण्यासाठी खायचा असतो तो लाडू शांतपणे बसून, पाटावर, डोक्याला फडकं बांधून. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आईला आजीनं तसाच दिला होता, म्हणून मला तो फरक तेवढ्या वयातही दिसला. पुढं २०१९ साली बीडकडच्या बायकांनी गर्भपिशव्याच काढून टाकल्याच्या बातम्या आल्या, सरकारनं समिती नेमली, टीव्हीवर लोक हळहळले, असं कसं करतात म्हणाले. मला तो कोयता आणि तो लाडू आठवला. पाळी आली तरी खाडा, पोटाला आलं तरी खाडा, मग पिशवीच नको, असा तो हिशोब. फडात उभं राहिलेल्या माणसाला तो हिशोब कळायला समिती लागत नाही.

माझं स्वतःचं २००८ साल. तेव्हा मी उद्यमनगरात एका ठिकाणी होते, नाव नको. खाली ग्राइंडिंग, वर ऑफिस, कुलंटचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास जिन्यातनं वर यायचा आणि मला तिसऱ्या महिन्यात त्या वासानंच कोरड्या उलट्या व्हायच्या. टॉयलेट एकच, मशिनच्या रांगेतनं सगळ्यांच्या समोरनं जायचं. पाचवा महिना संपेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. ओढणी अशी घ्यायची, फाइल छातीशी अशी धरायची, ड्रॉवरमध्ये आवळा सुपारी ठेवायची. का सांगितलं नाही असं आज माझी लेक विचारते, ती आता सोळा वर्षांची आहे, तिला खरंच कळत नाही. मला कुणी काढून टाकणार होतं असं नाही, पण सांगितल्या दिवसापासनं आपण अर्ध्या होणार हे आतनं माहीत होतं, अर्धा कोयता. आणि तसंच झालं. सांगितल्यावर आठवड्यात बँकेचं काम काढून घेतलं, तुम्हाला जिने नकोत म्हणून. काळजीनंच काढलं. ते परत कधी माझ्याकडं आलं नाही.

तेव्हा रजा बारा आठवड्यांची. चौऱ्याऐंशी दिवसांचं बाळ सासूबाईंकडं ठेवून मी पंच्याऐंशीव्या दिवशी कामावर गेले. अकरा वाजले की छाती भरायची, दगडासारखी व्हायची, दुखून डोळ्यात पाणी यायचं, ड्रेसच्या आत रुमालाच्या घड्या घातलेल्या त्याही भिजायच्या. मग त्याच टॉयलेटमध्ये कडी लावून बेसिनमध्ये दूध पिळून टाकायचं. पांढरं दूध, कडेला कुणाच्या तरी हाताच्या ग्रीसचे काळे डाग, वरनं नळ सोडायचा आणि आवाज येऊ नये म्हणून खोकायचं. घर मंगळवार पेठेत, स्कूटीवर दहा मिनिटांचं अंतर. दुपारी जाऊन पाजून येते म्हटलं तर, रोज रोज कसं चालंल ओ, असं उत्तर मिळालं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातनं दोन वेळा सुट्टी द्यायची असं १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात लिहिलेलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मालकांनाही नसावं. एप्रिलला सगळ्यांना सहाशे रुपये वाढले, मला शून्य. विचारायला गेले तर ते सहज म्हणाले, आवाज न चढवता, "तीन महिने खाडा होता की तुमचा."

त्याच मालकांनी बारशाला चांदीचे वाळे पाठवले होते. चांगले घसघशीत. ते अजून माझ्या कपाटात आहेत, लेकीच्या जावळाच्या पुडीशेजारी. मला त्यांचा राग येतो आणि वाळे हातात घेतले की राग पुरता येत नाही. माणसं आपल्याकडं अशीच मिसळलेली असतात, बाईच्या पोटाचं कौतुक हॉलमध्ये आणि शिक्षा ऑफिसात, आणि दोन्ही करणारा माणूस एकच.

कौतुकाचं म्हणाल तर आपण कुठंच कमी पडत नाही. मागच्या वर्षी भाचीचं डोहाळे जेवण रंकाळ्याच्या बाजूला एका हॉलमध्ये झालं. मोगऱ्याचे दागिने, फुलांचा धनुष्यबाण, सजवलेला झोपाळा, फोटोवाला सारखा 'ताई पोटावर हात ठेवा' म्हणतोय. भाची पुण्यात आयटीत आहे. मी तिच्या कानातला गजरा नीट करत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, मावशी, तिसऱ्या महिन्यात सांगितलं आणि पुढच्या सोमवारी माझा क्लायंट काढून घेतला, तुला स्ट्रेस नको म्हणून. मी तिच्याकडं बघतच राहिले. उद्यमनगरातल्या जिन्यापासनं पुण्यातल्या काचेच्या बिल्डिंगपर्यंत वाक्य तेच, फक्त जिन्याच्या जागी स्ट्रेस. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढं आल्या, पेढा की बर्फी. तिनं डावी उघडली. बर्फी. एक क्षण, अगदी एकच क्षण, बायका गप्प झाल्या, मग कुणीतरी म्हणालं, असू दे, पहिली बेटी धनाची पेटी, आणि टाळ्या सुरू झाल्या.

तो एक क्षण मला ओळखीचा आहे. आपल्या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. अंबाबाईच्या जिल्ह्यात, ताराराणीच्या गादीच्या जिल्ह्यात. मग त्या वेळच्या कलेक्टरांनी, लक्ष्मीकांत देशमुखांनी, सोनोग्राफी मशिनला सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवले, त्याची बरीच चर्चा झाली. मशिनवर लक्ष ठेवता आलं, पण वाटीवरचं झाकण उघडल्यावरच्या त्या गप्प बसण्यावर काय बसवणार. बर्फीला 'असू दे' म्हणणारा समाजच पुढं इंटरव्ह्यूला बसतो, हे मला आता वेगळं काढता येत नाही. जन्माला येताना असू दे, नोकरीला येताना नको रे बाबा.

आणि त्यात मीही बसते, पेन्सिल घेऊन.

साहेबांची बाजू मला माहीत आहे, कारण ती आकडेमोड मीच करते. २०१७ पासनं पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवडे भरपगारी रजा. ज्यांचा पगार एकवीस हजारांच्या आत आहे त्यांचे पैसे ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या विम्याचं सरकारी महामंडळ, देतं, कंपनीला झळ नाही. त्याच्या वर पगार गेला की सगळं मालकाच्या खिशातनं. चोवीस हजारांची बाई धरा, सहा महिन्यांचे एक लाख चव्वेचाळीस हजार, शिवाय तिच्या जागी बदली माणूस. मोठ्या कंपनीला ते काही वाटत नसेल, पण पंधरा-वीस माणसं घेऊन दोन मशिनवर वर्कशॉप चालवणारा, ज्याचं पेमेंट तीन-तीन महिने अडकलेलं असतं, तो ते पैसे देण्यापेक्षा बाईच नको म्हणतो. तोंडानं म्हणत नाही, म्हणून तर न. ल. लिहावं लागतं. मला तो राक्षस वाटत नाही. पण कायदा असा केलाय की पोटातल्या पोराची किंमत एकट्या मालकाच्या वहीत खर्ची पडते आणि त्याचा दंड म्हणून ती पोरगी दारातनंच परत जाते. एकदा नोकरीत असेल तर रजेवर असताना काढता येत नाही, पण आत घेतलीच नाही तर कुणाला विचारणार?

बाबासाहेबांचं १९२८ मधलं भाषण वाचताना मी म्हणून थबकले. मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं होतं, गिरणीतल्या बायकांसाठी, आणि गिरणीवाले हेच म्हणत होते, आम्हाला परवडत नाही, मग बायका ठेवायच्याच बंद होतील. आंबेडकर बिलाच्या बाजूनं उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं यात देशाचं हित आहे असं ते म्हणाले, आणि हेही म्हणाले की हा भार खरं तर बऱ्याच अंशी सरकारनं उचलायला पाहिजे. पुढच्या वर्षी, १९२९ ला, मुंबई इलाख्यात कायदा झाला. म्हणजे ज्या माणसाचा हात शाहू महाराजांनी आपल्याच जिल्ह्यात माणगावच्या परिषदेत १९२० साली लोकांच्या हातात दिला, त्यानं आठच वर्षांनी आमच्या साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर सांगून ठेवलेलं. शंभर वर्षं होत आली. आम्ही अजून प्रश्नच विचारतोय, तोही चुकीच्या माणसाला, फाइल कोरडी ठेवून एसटीनं आलेल्या मुलीला.

या एप्रिलच्या सुरुवातीला तो इचलकरंजीचा मुलगा पेढे घेऊन आला. मुलगा झाला. चार दिवस तो आला नव्हता, मी रजिस्टरला बघितलं, लाल पेन उचललं आणि तिथं रजा लिहिलं. कुणीही त्याला खाडा म्हटलं नाही, मीही नाही म्हटलं, आणि म्हणू पण नये, पोर झाल्यावर बापानं चार दिवस घरी थांबायलाच पाहिजे, चार काय महिनाभर थांबावं. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस तरी मिळतात, आमच्यासारख्या खाजगीत कायद्यानं एकही नाही. तो बिचारा संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन विचारतो, मॅडम, बाळ रात्रभर रडतंय, वेखंड उगाळून लावू काय. साहेबांनी पेढा तोंडात टाकला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, आता जबाबदारी वाढली. त्या महिन्याच्या इन्क्रिमेंटच्या यादीत त्याच्या नावापुढं सगळ्यांपेक्षा दीड हजार जास्त आले. यादी मीच टाइप केली. पेढा चांगला होता, खव्याचा, वेलदोडा घातलेला. माझ्या घशाखाली तो उतरायला वेळ लागला.

बाळ झालं म्हणून पगारवाढ. बाळ झालं म्हणून शून्य. दोन्ही याद्या मी बघितल्यात.

त्या रात्री मी कपाटातनं जुने बायोडेटा काढले. मोजायला बसले नाही, पण सात-आठ कोपऱ्यांवर माझी ती दोन अक्षरं सापडली. मग आमचा छापील फॉर्म बघितला, उमेदवारानं भरायचा असतो तो. विवाहित की अविवाहित, मुले किती, पतीचा व्यवसाय. हा फॉर्म कुणी केला माहीत नाही, वर्षानुवर्षं झेरॉक्सची झेरॉक्स चाललेली. माझ्या नणंदेचा मुलगा वकिली शिकतोय, त्यानं मला मागं एका निकालाबद्दल सांगितलं होतं, १९९१ चा, आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये बायकांना पाळीची तारीख आणि दिवस किती वेळा गेले असलं लिहायला लावायचे आणि त्यावरनं एका बाईची नोकरी घालवली होती. सुप्रीम कोर्टानं तिला परत घ्यायला लावलं आणि असले रकाने काढून टाका म्हणून सुनावलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८१ ला, एअर इंडियाचा नियम, पहिल्यांदा दिवस गेले की हवाई सुंदरीची नोकरी संपली, तोही कोर्टानं रद्द केला होता. तेव्हा मला ते सगळं लांबचं वाटलं होतं, दिल्ली-मुंबईचं. आता माझ्याच टेबलावर तो रकाना होता आणि तो काढायला मला सुप्रीम कोर्ट लागत नव्हतं, फक्त कॉम्प्युटर चालू करायचा होता.

मी तीन ओळी काढल्या. फॉर्म एका पानात बसायला लागला. मे मध्ये दोन इंटरव्ह्यू त्याच फॉर्मवर झाले, कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्याला साहेबांनी पान उलटं-सुलटं करून विचारलं, ते लग्नाचं वगैरे असतंय ते कुठं गेलं? मी म्हटलं, काढलं. का म्हणाले. मी म्हटलं, सर, एकतर त्याच्या उत्तरावरनं पोरांना प्लस आणि पोरींना मायनस करायचं थांबवू, नाहीतर विचारायचंच नको. ते काही बोलले नाहीत, पेन फिरवत राहिले. पुढच्या मुलीला त्यांनी तोंडी विचारलं. मी मध्येच बोलले, सर, ते राहू दे, तिला जीएसटीचं विचारा. हात थरथरत होते माझे टेबलाखाली. वीस वर्षं नोकरी करतेय तरी.

आता जूनमध्ये पर्चेसला अजून एक जागा निघालीय, काम वाढलंय. मी कागलच्या त्या मुलीचा नंबर शोधून फोन लावला. फोन उचलला तेव्हा मागं प्रेशर कुकरची शिट्टी आणि लहान बाळाचा आवाज. मी कंपनीचं नाव सांगितलं तर तिला लगेच आठवलं. काय करतेस म्हटलं, तर घरातच हाय मॅडम, पोरगी झाली, अडीच महिन्यांची हाय, सासूबाई सांभाळतो म्हणत्यात पण कुठं बोलवणं आलं नाही. मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, एक विचारू काय? त्या दिवशी माझं मंगळसूत्र बाहेर आलेलं, तुम्ही बघितलं न्हवं?"

मी हो म्हटलं. बघितलं होतं म्हटलं.

"मी मुद्दाम आत घातलेलं," ती म्हणाली, "आईच म्हणालेली, दिसू देऊ नको."

मग मी तिला जागेचं सांगितलं, पगार सांगितला, कंपनीची बस कुठनं सुटते ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझ्या एकटीच्या हातात नाही, परत इंटरव्ह्यू द्यावा लागेल, पोरगी झाल्याचं ती सांगणार असेल तर सांगू दे नाहीतर नको, ते तिनं ठरवायचं. ती ऐकत होती, मधेच बाळाला थोपटल्याचा आवाज येत होता.

"फॉर्म परत भरायचा काय मॅडम?"

"हो, नवा भरायचा."

"त्यात ते लग्नाचं विचारलेलं असतंय न्हवं?"

"आता नाही," मी म्हटलं.